आमूची ओळ

ही गोष्ट खरी आहे.

त्या घरात मी बसलो आहे. तो स्टीलचा ग्लास हातात घेऊन पाहिला आहे. ज्याला भुताच्या गोष्टीत अमावास्या, वडाचं झाड आणि उलटे पाय लागतात, त्यानं पुढे वाचू नये. इथे भरदुपार आहे. एक लॅपटॉप आहे. आणि हाडं फोडणारी थंडी आहे.

गेल्या जानेवारीतला शनिवार. गाव बालाघाट, मध्य प्रदेश. रेल्वे फाटकाजवळच्या वॉर्डातलं दोन खोल्यांचं घर.

घरात दोघंच. राजेंद्र आणि त्याची आई, ललिताबाई.

तिसरी होती. आम्रपाली. घरची आमू. राजेंद्रची धाकटी बहीण. ती रांगत होती तेव्हाच बाप गेला, त्यामुळे भाऊ काय आणि बाप काय, राजेंद्रच.

ती गेली त्याला वर्ष होत आलं होतं.

आमूला सिकलसेल होता. आमच्या भागात हा आजार गल्लीगल्लीत सापडतो, पण ज्यानं पाहिला नाही त्याला सांगतो. रक्त नसांत अडतं. हाडांच्या आत असं दुखतं की माणसाला ओरडायचीही ताकद राहत नाही. थंडी पडली की जास्तच. म्हणून आमूच्या खाटेजवळ एक स्टीलचा ग्लास आणि चमचा असायचा. दुखायला लागलं की ती चमच्यानं ग्लास वाजवायची.

टण... टण... टण.

हातातलं पीठ तसंच ठेवून ललिताबाई गरम पाण्याची पिशवी घेऊन धावायची. "आली वो माय, आली."

दहावीनंतर पुढच्या शिक्षणाला आमूला घाटावरच्या बैहरला एका होस्टेलात टाकलं. खाजगी संस्था. राजेंद्र त्याच संस्थेचं इंटरनेटचं काम घरबसल्या पाहायचा, म्हणून जागा मिळाली.

त्याचं काम नेमकं काय, हे समजलं नाही तर पुढचं काहीच समजणार नाही. बैहरच्या रस्त्यावर वनखात्याचा नाका लागतो ना, गाडी थांबवतात, विचारतात, मग दांडा वर करतात, तसाच नाका त्या संस्थेनं इंटरनेटवर बसवला होता. प्रॉक्सी सर्व्हर म्हणतात त्याला. तो ठेवलेला नागपुरात. होस्टेलातल्या मुलींनी कंप्युटरवर काहीही उघडलं की आधी त्या नाक्यावर विचारणा जायची. कोणाला जाऊ द्यायचं आणि कोणाला अडवायचं, याचे नियम राजेंद्र बालाघाटातून लिहायचा. एकाखाली एक, ओळीनं.

नाका त्या ओळी वरून खाली वाचतो. जी ओळ आधी लागू पडली, तिचंच ऐकतो. त्याखालचं वाचतसुद्धा नाही.

सगळ्यात शेवटी एकच ओळ असते : बाकी सगळं बंद.

अडवलेल्या मुलीसमोर एक पान उघडायचं. त्यावरचं वाक्य संस्थेच्या साहेबांनी राजेंद्रकडूनच लिहून घेतलं होतं. 'अनुमति नहीं है. अपनी पढ़ाई पर ध्यान दें.'

होस्टेलात फोन वापरायला बंदी. आठवडाभर मुलींचे फोन वॉर्डन मॅडमच्या कपाटात, कुलपात. घरी बोलायचं तर रविवारी. दुखणं रविवार पाहून येतं का? पण हे विचारणार कोण! पोरी कोणाच्या? खाणीत काम करणाऱ्यांच्या, जंगलात तेंदूपत्ता तोडणाऱ्यांच्या. त्यांनी गप्प बसायचं असतं.

राजेंद्रनं गुपचूप एक काम केलं होतं. लॅबमध्ये खिडकीजवळचा, कोपऱ्यातला एक कंप्युटर. त्या एकाच कंप्युटरवरून आपल्या फोनवर निरोप धाडायचं एक पान उघडेल, अशी ओळ त्यानं नाक्यावर टाकली. सगळ्यात वर.

"दुखलं की फक्त 'ये' लिहायचं," त्यानं आमूला सांगितलं होतं. "बाकी काई लिहू नको."

"आन् तू काय लिहिशील?"

"निघालो."

"इंजिनियर झाल्यासारखा बोलून राह्यला," ती हसली होती.

दोनदा तिनं लिहिलं. दोन्ही वेळा तो मोटरसायकल काढून घाट चढून गेला. आईचं घोंगडं तिला गुंडाळायचं, मागे बसवायचं आणि तिच्याच ओढणीनं तिला आपल्या कमरेशी बांधून घ्यायचं. दुखण्यात तिचे हात गळून जायचे, धरवत नसे. घाट उतरताना ती त्याच्या पाठीला कपाळ टेकवून टोमणा मारायची. दर वेळी तोच.

"लई उशीर केला दादा. रस्त्यात पोहे खात बसला होता का?"

"हौ. जिलेबी पण खाल्ली."

असं चाललं होतं.

मग साहेबांचा फोन आला. जबलपूरचे साहेब. सोमवारी नियम तपासणार म्हणाले. संस्थेच्या ऑफिसात बसणाऱ्या, त्याच साहेबांच्या भाच्याला सगळं उघडं होतं, सिनेमे, खेळ, सगळं. ती ओळ राजरोस. पण राजेंद्रला एक जुनं वाक्य आठवलं. कधीतरी हसत हसत साहेब म्हणाले होते, "तुम लोग मौका मिलते ही अपनों को घुसाते हो."

तुम लोग. म्हणजे कोण, हे सांगायला नको.

राजेंद्र घाबरला. मोठी माणसं वरच्या चार ओळी पाहतात, खालपर्यंत जात नाहीत, हे त्याला ठाऊक होतं. त्यानं आमूची ओळ उचलली आणि पार तळाला नेऊन ठेवली. 'बाकी सगळं बंद' याच्याही खाली. साहेब पाहून गेले की वर घेऊ.

साहेबांनी पाहिलं. वा म्हणाले.

आणि राजेंद्र विसरला.

त्या आठवड्यात बैहरला दवाचं पाणी गोठलं होतं. शनिवारी दुपारी आमू लॅबमध्ये गेली, ती संध्याकाळी बाहेर आणावी लागली. जीपनं दवाखान्यात नेईपर्यंत सगळं आटोपलं होतं.

संस्थेनं हात वर केले. "बच्ची ने किसी को बताया ही नहीं."

मौतीला तिची मैत्रीण रूपाली आली होती. राजेंद्रला बाजूला घेऊन ती म्हणाली, "दादा, ती सांगून राह्यली होती ना. घडीघडी लिहे, घडीघडी ते पान ये. मी म्हणलं मॅडमले बोलावतो. तं म्हणे, राहू दे, आता दादा येते."

अनुमति नहीं है.

आमूनं या जगात शेवटचं वाचलं ते तिच्या भावानं लिहिलेलं वाक्य होतं.

हे राजेंद्रनं आईला सांगितलं नाही. वर्षभर सांगितलं नाही. ग्लास धुऊन आईनं फळीवर पालथा घातला, वर चमचा ठेवला. कोणी त्याला हात लावत नसे.

आता त्या शनिवारचं ऐका.

दुपारचं जेवण झालेलं. ललिताबाई अंगणात उन्हाला बसून वाल सोलत होती. राजेंद्रचा फोन वाजला. साहेब.

"राजेंद्र, बैहर का पुराना हॉस्टल खाली हो गया. नई बिल्डिंग में दूसरा सिस्टम है. आज शाम तक सब रूल डिलीट कर दो. फिर नागपुर वाला सर्वर बंद."

"जी सर."

तो लॅपटॉप घेऊन बसला. नागपूरच्या सर्व्हरवर गेला. वर्षभरात त्यानं ती फाईल उघडलीच नव्हती. उघडली, खाली गेला, आणि...

ती ओळ तिथेच होती. सगळ्यात खाली. कोणी न वाचलेली.

स्क्रीनवर शेजारच्या खिडकीत नाक्यावर येणाऱ्या विचारणा दिसतात. ती खिडकी रिकामी होती. असणारच. होस्टेल रिकामं, लॅब रिकामी. विचारणार कोण?

मग खिडकीत एक ओळ उमटली.

कोपऱ्यातल्या कंप्युटरचा नंबर. निरोपाचं पान.

अडवलं.

आणि स्वयंपाकघरातून...

टण.

राजेंद्रचा हात जागच्या जागी थांबला. मांजर असेल. भांडं कलंडलं असेल.

पुन्हा एक ओळ. तोच नंबर. अडवलं.

टण.

तो उठला. स्वयंपाकघरात गेला. मांजर नव्हतं. खिडकी बंद. फळीवर ग्लास... सुलटा उभा होता. चमचा त्याच्या आत, तिरपा.

चमचा हलत होता. अगदी हलका. कोणीतरी नुकताच सोडल्यासारखा.

लॅपटॉपपाशी परत येऊन त्यानं बैहरला भोजराजला फोन लावला. भोजराज जुन्या होस्टेलाचा चौकीदार, आता रिकाम्या इमारतीची राखण करतो.

"भोजराजभाऊ, लॅबमधे कोणी हाये का?"

"कोण राहीन? खोलीले ताला हाये. लाईन बी कापली दिवाळीले."

"तो खिडकीजवळचा कंप्युटर?"

"सगळे नेले ना गाडीत भरून. टेबल तेवढे पडले हायेत. काहून?"

"एकदा जाऊन पाहा ना भाऊ. मेहरबानी करा."

"अरे, ऊन खाऊन राह्यलो मी बाबू..." भोजराज कुरकुरला. पण उठला. फोनमधून त्याच्या चपलांचा आवाज येत राहिला. जिना. लांब व्हरांडा. मग चपला थांबल्या.



"भोजराजभाऊ?"

"शू..." भोजराजचा आवाज एकदम खाली आला. "ऐक."

त्यानं फोन दाराला लावला असावा. आधी नुसती खरखर. मग...

टक.

थांबून, पुन्हा... टक.

आणि मग जरा जोरात. खट्.

कीबोर्डवर शेवटचं बटण दाबल्यासारखं.

राजेंद्रच्या खिडकीत ओळ उमटली. अडवलं.

टण.

"भाऊ," भोजराज हिंदीवर आला होता, "अंदर कोई है क्या? ताला तो मेरे ही पास है." मग दाराच्या फटीत डोळा लावून म्हणाला, "कोई नहीं है. टेबल खाली है. पर खुर्ची... खुर्ची खिडकी के पास खिंची हुई है. मैंने तो सब उल्टी करके रखी थीं."

एवढं बोलून त्यानं फोन ठेवला. त्या दिवसानंतर भोजराज त्या मजल्यावर गेला नाही, उकव्याला भावाकडे निघून गेला. तिथे खाणीच्या गेटवर असतो. त्याला कोणीही विचारावं.

राजेंद्र वळला, तर दारात आई.

ललिताबाईच्या हातात गरम पाण्याची पिशवी होती.

म्हणजे तिनं ऐकलं होतं. अंगणातून ऐकलं होतं, मागच्या दारानं येऊन चूल पेटवली होती, पाणी तापवलं होतं. आणि पिशवी भरल्यावर तिच्या लक्षात आलं होतं की ती नेऊन द्यायची कोणाला.

तिला भीती वाटत नव्हती. तुमच्याआमच्या अंगावर काटा येतो, त्या बाईच्या डोळ्यांत वेगळंच होतं.

"राजेन," ती म्हणाली, "मेल्यावर बी दुखूनच राह्यलं का रे तिले?"



टण... टण...

"कोणाले बोलावून राह्यली ते? काहून येत नाही घरात?"

"तिले येऊ देऊन नाही राह्यले, आई."

"कोण?"

त्यानं लॅपटॉपकडे पाहिलं. मग आईकडे. 

"मी."

मग त्यानं सगळं सांगितलं. वरची ओळ, खालची ओळ, साहेबांची भीती. ललिताबाई निरक्षर. प्रॉक्सी तिला काय कळणार? पण तिला नको तेवढं कळलं. तिनं पोराला मारलं नाही, शिव्या दिल्या नाहीत. पिशवी पोटाशी धरून ती तशीच उभी राहिली. मला विचाराल तर त्यापेक्षा तिनं मारलं असतं तर बरं झालं असतं.

"मंग सोड ना तिले आता," ती म्हणाली.

एवढंच.

राजेंद्र बसला.  त्यानं आमूची ओळ तळातून उचलली. 'बाकी सगळं बंद' याच्या वर घेतली. भाच्याच्या ओळीच्याही वर. सगळ्यात वर. नियम नव्यानं लागू केले.

खिडकीत काही नाही.

घरात आवाज नाही. फाटकावरून मालगाडी गेली, तिचाही आवाज लांबून आल्यासारखा.

मग ओळ उमटली. तोच नंबर.

जाऊ दिलं.

ग्लास वाजला नाही.

राजेंद्रचा फोन एकदाच थरथरला. निरोपाचं ते पान. आमूचं नाव. त्याखाली एक शब्द.

ये.

ललिताबाई वाचू शकत नव्हती. त्याच्या चेहऱ्यावरून तिनं वाचलं. आत गेली, पेटीतून घोंगडं काढून आणलं, झटकलं आणि त्याच्या खांद्यावर टाकलं.

राजेंद्रनं लिहिलं : निघालो.

घाट चढताना त्याच्या डोक्यात काय होतं, हे त्यानं मला कधी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. तो पोचला तेव्हा ऊन उतरत होतं. होस्टेलचं फाटक नुसतं लोटलेलं, भोजराजचा पत्ता नाही. वर जाऊन तो लॅबच्या कुलूपबंद दारासमोर उभा राहिला. आत कसलीच हालचाल नाही. त्यानं दाराला हात लावला. साऱ्या व्हरांड्यात गारठा, पण ते लाकूड एका जागी कोमट होतं. पाठ टेकून कोणी बसावं, त्या उंचीवर.

"आमू," तो म्हणाला. "चाल. आलो मी."

खाली येऊन त्यानं घोंगडं मागच्या सीटवर पसरलं. स्वतः बसला. वाट पाहिली. आपण मूर्खासारखे एका रिकाम्या आवारात बसलो आहोत, असंही त्याला वाटून गेलं.

आणि मागचे स्प्रिंग दबले.

हळूच. ती बसायची तसेच, एका बाजूनं.

त्यानं मागे पाहिलं नाही. ओढणी त्यानं आणली नव्हती, तिची आठवणच झाली नव्हती. पण गाडी फाटकाबाहेर पडली आणि त्याच्या कमरेभोवती काहीतरी आवळलं गेलं. पोटावर घट्ट. श्वास घेताना जाणवेल असं.

घाटात धुकं उतरलं होतं. तो सावकाश चालवत होता. पाठीवर, दोन खांद्यांच्या मधे, बरोबर त्या जागी, थंडगार काहीतरी टेकलं. कपाळ टेकतं तसं.

तो टोमण्याची वाट पाहू लागला.

पहिलं वळण गेलं. दुसरं गेलं. नाका गेला.

ती काही बोलली नाही.

शेवटी त्याच्यानंच राहवलं नाही. "पोहे खात बसलो होतो," तो रडत रडत म्हणाला. "जिलेबी पण खाल्ली वो बाई. बोल ना काई. शिवी दे."

मागून काहीच नाही. फक्त ते थंड कपाळ. घर येईपर्यंत.

ललिताबाई दारात उभी होती. गाडी थांबली तशी ती पुढे आली, थेट त्याच्या पाठीमागे. त्याला तिची बोटं जाणवली. कमरेशी, जिथे गाठ असते तिथे. म्हातारी बोटं, गाठ सोडवायला वेळ लागला.

तिच्या हातात काहीच नव्हतं. पण राजेंद्रच्या पोटावर आवळलेलं ते सुटलं, आणि स्प्रिंग वर आले.

"उतर वो माय," ललिताबाई म्हणाली. "घर आलं."

नागपूरचा तो सर्व्हर त्याच संध्याकाळी बंद झाला. राजेंद्रनं एकही ओळ पुसली नव्हती, साहेबांनीच वायर काढायला लावली. नंतर फोनवर फार बोलले. राजेंद्रनंही बोलायचं ते बोलून घेतलं, भाच्यासकट. आता तो त्यांच्याकडे कामाला नाही. मॅडम मात्र नव्या इमारतीत आहेत, आणि फोन अजून त्यांच्या कपाटात.

त्या घरात आमूची खाट पुन्हा अंथरलेली आहे. त्यावर घोंगडं. ग्लास खाटेजवळ, चमचा त्याच्यात. संध्याकाळ झाली की ललिताबाई गरम पाण्याची पिशवी घोंगड्याखाली सरकवते आणि बाजूला बसून ऐकत राहते.

ग्लास त्या दिवसानंतर एकदाही वाजलेला नाही.

मी गेलो होतो तेव्हाही वाजला नाही. थंडी मरणाची होती. आम्ही तिघं त्या ग्लासाकडे पाहत बसलो होतो. निघताना राजेंद्र मला फाटकापर्यंत सोडायला आला, आणि तिथे त्यानं विचारलं. तेव्हापासून माझ्या डोक्यातून ते जात नाही.

"तिचं दुखणं थांबलं असन ना?" तो म्हणाला. "का तिनं सांगणंच सोडून देल्लं?"